पाण्याचा विषय माझ्याकडे होता

माझ्या नातीचं राज्यशास्त्रातलं संशोधन मी एकटीने बिघडवलं, असं जे आमच्या घरात म्हणतात ते साफ खोटं आहे. अर्धं विहीणबाईंनी बिघडवलं.

विहीणबाई म्हणजे माझ्या लेकीची सासू. आमचं गाव महागाव तालुक्यात, त्यांचं ढाणकीच्या बाजूला. लेकीच्या लग्नात त्यांच्याकडचं कोणीतरी आमच्या वरणाला पातळ म्हणालं होतं. त्या वरणावर आमच्या दोघींचं प्रेम अजून टिकून आहे. आणि प्रज्ञा ही आमच्या दोघींची नात. तिने पीएचडीसाठी दोन गावं निवडली ती नेमकी हीच, आजोळ आणि वडिलांचं गाव. निवडीची शास्त्रीय कारणं तिने पुष्कळ लिहिली आहेत. दोन्हीकडे जेवणाची आयती सोय होती, हे मात्र कुठे लिहिलेलं नाही.

(गावांची नावं मी सांगत नाही. संशोधनात ती सांगायची नसतात, एवढं मला आता कळतं.)

माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं शिक्षण किराण्याच्या पुड्यांच्या कागदावर झालं. त्यामुळे मला विषय पुष्कळ माहीत आहेत, पण एकाही विषयाचा शेवट माहीत नाही. कागद नेमका तिथेच फाटलेला असे! अशी बाई संशोधनाच्या आसपास असू नये. पण पोर उतरली आमच्याच घरी, त्याला मी काय करू?

तुरीच्या शेंगा सोलता सोलता मी तिला विचारलं, "पण माय, दोन गावं कायले? एका गावात भागत नाही का?"

"आजी, एकाच गावाकडे पाहून कारण कळत नाही. दोन गावं शेजारी शेजारी ठेवायची. पाऊस सारखा, कापूस-सोयाबीन सारखं, शाळा सारखी, दोन्हीकडे सरपंच बाईच. सगळं सारखं, अन् फरक एकच. मग तो फरक कशानं पडला ते शोधायचं."

"म्हंजे दोन सुनांसारखं. घर तेच, चूल तेच, सासू तेच. अन् एकीचीच भाकर करपते. तं दोष सासूचा नाही!"

प्रज्ञा हसली. "आजी, तूच माझी गाईड व्हायला पाहिजे होती."

पोरीने हे गमतीत म्हटलं. मी कामाला लागले.

तिची पद्धत अशी होती की प्रत्येक बाईची मुलाखत एकटीला बसवून घ्यायची. आता आमच्या घरात कोणी चार घटका बोलायला आलं, आणि घरची बाई उठून गेली, तर गाव काय म्हणेल? मी बसले. पहिली आली शेजारची वच्छला.

"वच्छलाकाकू, ग्रामसभेत तुम्ही कधी बोलता का?" प्रज्ञाने मोबाइल दोघींच्या मधे ठेवून विचारलं.

"हे कायची बोलते!" मी म्हणाले. "हिचा घरातच आवाज निघत नाही."

"आजी, काकूंना सांगू दे नं."

"सांग वं वच्छले. सांग, तू बोलत नाही म्हून."

"मी बोलत नाही," वच्छला म्हणाली.

"पाह्य!" मी म्हणाले.

संध्याकाळी प्रज्ञाने रेकॉर्डिंग लावलं. दिवसभरात आलेल्या झाडून सगळ्या बायकांच्या मुलाखती, आणि आवाज एकाच बाईचा! पोरीने कपाळाला हात लावला. "आजी, माणूस त्याच्या स्वतःच्या शब्दांत काय सांगतो ते पाहिजे मला."

"मंग? मी काय इंग्रजीत बोलली?"

दुसऱ्या दिवसापासून मुलाखतींच्या वेळी मला वावरात धाडायचं ठरलं. जाता जाता मी सहज विचारलं, "पण तो एक फरक कोन्ता वं, दोन गावांतला?"

प्रज्ञा अडखळली. मग म्हणाली, "पप्पांच्या गावातल्या बायका ग्रामसभेत बोलतात. इथल्या नुसत्या बसून राहतात."

मी वावरात गेले खरी, पण माझ्याने त्या दिवशी काडीचं काम झालं नाही. म्हणजे हे आता पुस्तकात छापून येणार! त्यांच्या गावच्या बायका हुशार, आमच्या मुक्या! पातळ वरणाचं एकवेळ सहन केलं, ते निदान छापलं तरी नव्हतं. मी बांधावर बसूनच फोन लावला.

"जयभीम, इहीनबाई!"

"जयभीम. काय म्हन्ता?"

"काही नाही वो. आपली प्रज्ञा पुस्तक लिहून राह्यली नं. त्याच्यात येनार हाय का तुमच्या गावच्या बाया लय बोलतात म्हून."

"लय म्हंजे?"

"म्हंजे चारचौघांत. मानसांसमोर. मी म्हटलं, असंल बापा. गावागावाची रीत."

"बरं, ठेवते," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला फार हलकं वाटलं. (माझ्या आयुष्यातली मोठी संकटं अशीच हलकं वाटून सुरू झाली आहेत.)

त्याच आठवड्यात प्रज्ञा चिंतेत दिसली. तिच्या गाईड मॅडम स्वतः येणार होत्या. एकाच दिवसात दोन्ही गावांत बायकांची गटचर्चा ऐकायची, आणि फरक खरोखर आहे का ते डोळ्यांनी पाहायचं. दिसला, तर पोरीचं काम पुढे सरकणार. नाही दिसला, तर विषयच बदलायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं.

"आजी, तू काही करू नको. फक्त बायकांना निरोप दे. जशा आहेत तशा येऊ दे."

"हाव," मी म्हणाले. आणि लगेच सगळ्यांना तालमीला बोलावलं.

तालीम दुपारी, बुद्धविहाराच्या ओसरीत. पौर्णिमेची खीर वाटावी तसे मी विषय वाटून दिले. वच्छलाला नाली. रेखा नावाची नवी सून आहे, तिला शाळेची पडकी भिंत. सुलोचनाला खांबावरचे दिवे. पाण्याचा विषय मोठा, म्हणून तो मी स्वतःकडे ठेवला. "एकीचं झालं का दुसरीनं उठाचं," मी बजावलं. "अन् धडधड बोलाचं. आपल्याले ढाणकीच्या बाजूले दाखवाचं हाय!"

"पन आजी, नाली तं मागच्या मयन्यात झाली," वच्छला म्हणाली.

"मंग जुन्या नालीवर बोल!"

मॅडम आल्या. साध्या, चष्मेवाल्या, हातात वही. सतरंजीवर आमच्यातच मांडी घालून बसल्या. त्यांनी "नमस्कार, आपण सगळ्या..." एवढंच म्हटलं, आणि वच्छला ताडकन उठली. नालीवर अशी बोलली की झालेली नाली पुन्हा तुंबली! बसली. मग सगळं शांत. रेखाचं लेकरू रडत होतं म्हणून ती बाहेर गेली होती.

मॅडमनी सुलोचनाकडे पाहिलं. "ताई, तुम्हाला काही सांगायचंय?"

"आधी रेखा," सुलोचना म्हणाली.

"म्हणजे?"

"आधी शाळेची भिंत. मंग माहे दिवे."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. प्रज्ञा माझ्याकडे पाहत होती. ज्या गावच्या बायका बोलत नाहीत म्हणून तिने एवढा अभ्यास केला, त्या गावच्या बायका आता थांबेनात! रेखा लेकरू काखेत घेऊन आली आणि भिंत पाडून बसली. सुलोचनाने दिवे घालवले. आता माझं पाणी. मी पदर खोचला, घसा साफ केला, उभी राहिले.

आणि दारातून आमचे भासरे आत आले.

भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. एके काळचे उपसरपंच. चहाची वेळ झाली की ते कुठूनही येतात. आल्या आल्या म्हणाले, "जयभीम, मॅडम. आमच्या गावात बायांले काही तरास नाही. नळाले रोज पानी येते."

नळाला शेवटचं पाणी कधी आलं यावर आमच्या गावात दोन मतं आहेत, पण रोज येतं असं एकाचंही मत नाही. सगळ्या बायकांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. पाण्याचा विषय माझा होता ना! शब्द पाठ होते, पायावर उभी होते, आणि खोटं डोळ्यांसमोर उभं होतं. पण लग्न होऊन आल्यापासून भासऱ्यांसमोर मी कधी तोंड उघडलेलं नाही. माझा हात आपोआप वर गेला आणि पदर डोक्यावर आला.

"आजी, तुम्ही उठला होता," मॅडम म्हणाल्या. "काही बोलायचं होतं?"

"चहा ठेवाले उठली होती," मी म्हणाले.

दुपारी मॅडमच्या गाडीत बसून आम्ही ढाणकीच्या बाजूला निघालो. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण गाडीत जागा होती. विहीणबाईंच्या गावात गटचर्चा सुरू झाली आणि मी डोळे चोळले. ज्यांच्या आवाजाला ग्रामसेवक वचकून असतो म्हणे, त्या बाया रांगेत बसल्या होत्या. पदर कपाळापर्यंत. नजर सतरंजीवर. विहीणबाई सगळ्यात पुढे, फोटो काढायला बसल्यासारख्या.

"ग्रामसभेत तुम्ही कोणते प्रश्न मांडता?" मॅडमनी विचारलं.

"आमाले काय कळते?" एक म्हणाली.

"कारभारी जातात," दुसरी म्हणाली.

विहीणबाईंनी समाधानाने मान हलवली. प्रज्ञा उठून बाहेर गेली. मी मागे गेले. भिंतीकडे तोंड करून उभी होती पोर. "आजी, सगळं उलटं झालं. तिथल्या बोलल्या अन् इथल्या गप्प. आता मॅडम म्हणतील, विषयाचा पुन्हा विचार करावा लागेल." डोळे पुसले तिने ओढणीने. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिला काय सांगावं, हे कोणत्याच पुड्याच्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.

आम्ही आत आलो, तर सरपंचबाईंचे यजमान खुर्ची ओढून बसले होते. (सरपंच त्यांची बायको, ती सतरंजीवर होती.) बाया गप्प पाहून त्यांना हुरूप आला. "मॅडम, आमच्याकडे बायांची काही तक्रारच नाही," ते म्हणाले. "नळाले रोज पानी येते."

तेच वाक्य! भासऱ्यांनी आणि यांनी एकाच मास्तरकडे पाठ केल्यासारखं!

विहीणबाईंचा पदर आधी थरथरला. मग घसरला. "कोन्या नळाले?"

"नाही, म्हंजे..."

"कोन्या नळाले येते ते दाखवा! उठा! चाला माह्यासंगं!"

मग काय, बांध फुटला. "माह्या नळात तं चिमनीनं खोपा केला!" एक ओरडली. "हंडे घेऊन वावरातल्या विहिरीवर जातो आमी, ते काय हौस म्हून?" दुसरी. आणि कोपऱ्यातून खुद्द सरपंचबाई बारीक आवाजात म्हणाल्या, "आपल्याच नळाले येते रोज. बाकी कोनाले नाही." यजमान खुर्चीसकट मागे सरकले.

गलका थांबल्यावर मॅडमनी विचारलं, "मग इतका वेळ गप्प का बसला होता सगळ्या?"

विहीणबाईंचं बोट सरळ माझ्याकडे आलं. "या आमच्या इहीनबाईले इचारा! फोन करून आमच्या बायांले तोंडाळ म्हनलं यायनं. म्हटलं, दाखवतोच आता, आमी किती गरीब गाई हाओत ते!"

"तोंडाळ मी म्हटलं नाही," मी म्हणाले.

"म्हनलं नाही, पन म्हनलं!"

प्रज्ञा हळूच म्हणाली, "आजी... अन् सकाळचं? आपल्या गावचं?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "वाटून देल्लं होतं," मी म्हणाले. "नाली, भिंत, दिवे."

मॅडमनी चष्मा काढला. मला वाटलं, पोरीचं झालं आता! पण प्रज्ञा एकदम उभी राहिली. "मॅडम, वाक्य एकच होतं! तेच खोटं, दोन्ही गावांत, एकाच दिवशी. इथे गप्प बसायचं ठरवून बसल्या होत्या, तरी यांना राहवलं नाही. तिथे बोलायचं पाठ करून बसल्या होत्या, तरी कोणी बोललं नाही. सगळ्या आजीकडे पाहत होत्या."

"आणि आजी?" मॅडमनी विचारलं.

"आजी पदराखाली."

मॅडम हसू दाबत होत्या. "मग फरक आहे," त्या म्हणाल्या. "मी स्वतः पाहिलाय. आता तो कशामुळे आहे, ते शोध. आणि पुढच्या वेळी येताना दोन्ही आज्यांना एकमेकींकडे पाठवून दे."

प्रज्ञाचा प्रबंध गेल्या उन्हाळ्यात पुरा झाला. जाडजूड, लाल पुठ्ठ्याचा. मी माझं नाव शोधलं, पण नावं नसतातच त्यात. आमचं गाव "गाव अ", त्यांचं "गाव ब". मात्र शेवटी एक अख्खं पान माझ्यावर आहे. "गाव अ मधील एक ज्येष्ठ महिला" अशी सुरुवात आहे, आणि खालपर्यंत मीच! विहीणबाईंवर दोनच ओळी. पानाचं शीर्षक आहे, "या अभ्यासातील उणिवा".

तरी पान ते पान! मी लगेच फोन लावला.

"इहीनबाई, माह्यावर अख्खं पान हाय!"

"अन् माह्यावर?"

"दोन ओळी."

तिकडे भांडं आदळलं. मग विहीणबाईंनी विचारलं, "पन पानाच्या वर काय लिहिलं हाय वो? वाचून दाखवा नं."

उत्तर माझ्या डोळ्यांसमोर होतं. ठळक अक्षरांत छापलेलं होतं. पण समोरून असा सरळ प्रश्न आला की आमच्या गावच्या बायका काय करतात, ते त्या पुस्तकात प्रज्ञाने लिहून ठेवलंच आहे.