विझलेला कंदील

हे मी बायकोपाशीही बोललो नाही. तिच्या शेवटच्या आजारात उशाशी बसून होतो, शब्द ओठांपर्यंत आले — आणि गिळले. तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. नंदुरबारला कापसाच्या एका जिनिंगमध्ये मी मिस्त्री होतो. नाव नको. आवारात कामगारांच्या खोल्या, आणि त्यांच्या संडासांपासून नाल्यापर्यंत जमिनीखालून गटारलाइन. मधे जागोजाग चेंबर. लाइन आतून तपासायची कशी? एका चेंबरवरून मोठ्या आरशानं ऊन आत सोडायचं आणि दुसऱ्या चेंबरच्या तळाशी उतरून पाइपात डोकवायचं. उजेड पूर्ण गोल दिसला की लाइन साफ, अर्धा दिसला की गाळ. डोकवायचं काम मिस्त्रीचं. म्हणजे माझं.

आणि मी कधीच उतरलो नाही. एकदाही! मला त्या भोकाची भीती वाटे. अंधाराची, की वासाची, की खाली गेलो तर वर येणारच नाही याची? चांगला उंच, मिशीवाला गडी मी — सांगणार कुणाला? मग सुपडू उतरायचा आणि तो सांगेल ते मी वहीत लिहायचो. सुपडू आमचा गटारसफाईचा माणूस, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. खाली बसूनसुद्धा गाणी म्हणायचा.

उतरण्याआधी पेटता कंदील दोरीनं तळाशी सोडायचा, असा नियम होता. जळत राहिला तर हवा चांगली. विझला तर खाली विषारी वायू — मग झाकणं उघडी टाकायची आणि दिवसभर कुणी उतरायचं नाही. मॅनेजर मला ‘स्वतः उतर’ म्हणाले की मी याच नियमाच्या आड लपायचो. कंदील न सोडताच सांगायचो, साहेब, विझला. दोनदा पचलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः कंदील सोडून पाहिला, तर तो छान जळत होता. सगळ्यांदेखत म्हणाले, पुन्हा ही थाप मारलीस तर धरून खाली सोडीन तुला.

मग तो दिवस. मिरचीचा हंगाम होता. आमच्या बुटक्या भिंतीपलीकडे पथारी — म्हणजे मिरची वाळवायचं मैदान — लालभडक झालेली, आणि सगळं गाव खोकत होतं. लाइन तुंबली. मॅनेजरांनी बजावलं, आज तूच उतरायचं. ते आरसेवाल्याबरोबर पलीकडच्या चेंबरपाशी जाऊन थांबले. सुपडू कमरेला बांधायचा दोर आणायला गेला. मी एकट्यानं कंदील सोडला. अर्ध्यावर ज्योत बारीक झाली. आणि विझली.

आता हे खरं मानणार कोण? मलाच खाली सोडतील — विझलेल्या कंदिलामागोमाग मला! कंदील वर ओढून पुन्हा पेटवला आणि ओरडून सांगितलं, ‘‘दिवा चांगलाय साहेब! पण मला चक्कर येतेय, सुपडूच उतरतो.’’ ‘‘बरं, त्याला उतरव,’’ मॅनेजर पलीकडून वैतागून ओरडले.

सुपडूनं परत येऊन दोर बांधला. एक पाय आत टाकून थांबला.

‘‘भाऊ, दिवा इझना नही ना?’’

‘‘नही. उतर.’’

दोन शब्द. विचार करायलाही वेळ घेतला नाही मी.

जरा वेळानं खालून खोकला आला. पथारीवरच्या बाया खो-खो हसल्या, ‘‘मिरची लागनी त्याले!’’ त्या दिवसांत आमच्या गावात खोकणाऱ्याकडे कोण वळून बघतं? तो मिरचीचा ठसका नव्हता हे एकट्या मला ठाऊक होतं. दोर माझ्याच हातात होता. बाया माझ्याकडे बघत होत्या — आणि मी हसलो. त्यांच्याबरोबर, मोठ्यानं.

खोकला थांबल्यावर मी दोर ओढला. सुपडू वर आला तेव्हा त्याचे डोळे उघडे होते आणि मान लुळी पडलेली. पाणी मारलं, छाती चोळली. काही उपयोग झाला नाही.

मॅनेजरांनी विचारलं, दिवा कोणी पाहिला होता? मी म्हणालो, सुपडूनं. त्यानंच मला चांगलाय म्हणून सांगितलं. तेच कागदावर गेलं.

त्याच्या बायकोनं, कमळाबाईनं, तिरडीला खांदा दिला म्हणून मला हात जोडले. पुढे कित्येक वर्षं ती बाजारात भेटे, आणि भेटली की थांबून म्हणे, ‘‘कितलं सांगं मी त्यासले, दिवा नीट दखा. ऐकं नही.’’ रागानं म्हणायची, मेलेल्या नवऱ्यावर चिडून. पोरांनाही तिनं हेच सांगितलं — तुमचा बाप निष्काळजी होता. मी ‘हो’ म्हणून मान हलवायचो. दर वेळी हलवायचो. बाई बोलून निघून जायची आणि मी सुटल्यासारखा भाजी घ्यायला वळायचो.

कमळाबाई मागच्या हिवाळ्यात गेली. मरेपर्यंत नवऱ्यावर रागावलेली होती.

सुपडू निष्काळजी नव्हता. तो मला विचारून उतरला होता.