दुसऱ्याच्या हातची निशानी

ओसरीवरून फेकलेलं लुगडं माझ्या तोंडावर येऊन आदळलं. लोक हसले. वकील म्हनाले, "नीट झेल. पण पायरीला शिवू नकोस."

भर दुपार होती. अमरावतीच्या त्या वकिलाच्या कचेरीले दहा वर्सं झाली होती. अंगनात मांडव. ओसरीवर गाद्या, गाद्यांवर कापसाचे शेठ, दलाल, गावोगावचे पाटील. मांडवाभोवतीची जागा सकाळी मीच झाडली होती. सडा मात्र दुसऱ्या बाईनं टाकला. माझ्या हातचं पानी चालत नव्हतं.

लुगडं फेकायच्या आधी वकील उभे राहून बोलले होते. "या दहा वर्षांत पटकी आली, धान्य महागलं, माणसं गावं सोडून गेली. अशा कठीण काळातही आपली कचेरी वाढली. एका खोलीच्या पाच खोल्या झाल्या."

शेठांनी माना हालवल्या.

त्याच पटकीत माझा नवरा गेला. दोन दिवसांत. मी उनात उभी राहून ऐकत होती. आमच्या मरनाची गोष्ट हा मानूस आपली बरकत सांगाले वापरून राहिला होता.

मंग त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "ही महाराची विधवा. आम्ही हिच्यासारख्यांचाही विचार करतो." अन् लुगडं आलं.

काहून आलं, ते मले ठाऊक होतं. बडनेऱ्याच्या वाटेवर आमची हाडोळ्याची वावरं. गावची चाकरी करतो म्हनून महारांले मिळालेली जमीन. समुद्रापल्याड कुठं तरी लढाई पेटली अन् इथं कापसाले भाव चढला. ज्वारीच्या वावरात बी कापूस आला. आता बडनेऱ्याले आगगाडी येनार होती. शेठांले गाडीजवळ कापसाच्या गंजीसाठी जागा पायजे होती.

वकिलांनी पयले माझ्या दिराले बोलावलं. फेटा दिला. कागदावर निशानी घेतली. आठ दिवसांत त्याच्या वावराले कुंपन पडलं. तो विचाराले गेला, अन् परत आला तो मुकाच. नंतर लेकरंबाळं घेऊन कुठं गेला, कोनाले सांगता येत नाही. मंग त्याच्या बाजूची दोन वावरं गेली. उरलं होतं माझं.

म्हातारे मुन्शीजी पायऱ्या उतरून आले. कचेरीचे सारे कागद तेच लिहीत. त्यांनी कागद अन् बोरू माझ्यापुढं जमिनीवर ठेवला.

"लुगडं मिळाल्याची निशाणी कर," वकील म्हनाले.

कुनबी निशानी म्हनून नांगर काढते, आमी काठी. एक उभी रेघ. मी बोरू उचलला. मुन्शीजी माझ्याकडं पाहत नव्हते.

मी म्हटलं, "वाचून दाखवा."

"काय?"

"कागदात काय हाय, ते वाचून दाखवा."

एक पाटील खो-खो हसला. "आता महारीन कायदा शिकवते का वो?"

वकिलांचा चेहरा हालला नाही. "मुन्शीजी, तिला सांगा. लुगड्याची पावती आहे."

मुन्शीजींनी कागद उचलला. मंग हळूच म्हनाले, "बेटी, लुगड्याचं नाव बी नाही याच्यात. तू खुशीनं वावर सोडून देऊन राहिली, असं लिहेल हाय."

हसनं थांबलं.

मी बोरू खाली ठेवला. लुगडंही ठेवलं. "मी खुशीनं काहीच सोडून नाही राहिली."

मी निघाली. मागून वकिलांचा आवाज आला. चढलेला नव्हता. "जा. कागदाला घाई नसते."

त्या आवाजाची भीती मले आजही वाटते.

मुन्शीजींची चाकरी त्याच दिवशी गेली. चौथ्या दिवशी माझ्या वावरात खुंट्या ठोकलेल्या दिसल्या. मी उपटल्या. सकाळी पुन्हा होत्या. गावानं मले कामाले बोलावनं बंद केलं. मुन्शीजी म्हनाले, "अमरावतीत वकिलाचाच शब्द चालते. अकोल्याले मोठा साहेब हाय. तिथं तोंडानं सांग." ते बी संगं आले. तीन दिवस पायी.

अकोल्याले साहेबाच्या कचेरीसमोर एक नवं घर होतं. दारावर पाटी. मुन्शीजींनी वाचली अन् खाली बसले. आमच्याच वकिलाची कचेरी. इथंही वाढली होती.

साहेबाच्या कारकुनानं मले दारातच थांबवलं अन् एक कागद दाखवला. मुन्शीजींनी वाचला. तोच मजकूर. खाली उभी रेघ.

"ही तुझी काठी."

"मी नाही काढली."

"काठीसारखी काठी. तुझी कोणती अन् दुसऱ्याची कोणती, कोणी ओळखावी?"

तो खरं बोलला. तेच माझ्या काळजाले झोंबलं. कोनीही काढावी अशी एक रेघ, अन् तिच्यावर आमच्या पिढ्यांची वावरं गेली. दिराची काठी तरी दिरानं काढली होती का?

मुन्शीजींनी अर्ज लिहून दिला. साहेबापुढची तारीख पोळ्यानंतरची पडली. मी अकोल्याच्या महारवाड्यात राहिली. मुन्शीजी रोज येऊन अक्षरं शिकवतात. मी बोटानं मातीत माझ्या नावाचं पयलं अक्षर काढलं. वाकडं. पुसलं. पुन्हा काढलं. बाया भोवती उभ्या राहून पाहत होत्या. आता त्यातल्या दोघी माझ्यासंगं अक्षरं काढाले बसतात.

परवा वकिलाचा मानूस येऊन गेला. "बाई, वावर जाऊ दे. जीव सांभाळ." कालपासून तो रस्त्याच्या पल्याड नुसता उभा राहते. बोलत नाही.

वावर मिळन का नाही, मले ठाऊक नाही. तारखेपर्यंत मले जगू देतीन का नाही, ते बी ठाऊक नाही. पन जगली तर साहेबापुढं मी माझं नाव लिहीन. सगळ्यांदेखत, माझ्या हातानं. अन् म्हनीन, ती काठी ज्यानं काढली, त्याले इथं उभा करा.