ज्यूडिथबाईच्या वहीतल्या वेळा

ज्यूडिथबाई हेर आहे, याबद्दल मला पहिल्या दिवसापासून शंका नव्हती. त्र्याण्णव सालची गोष्ट. बंगळुरात बसवनगुडीतल्या आमच्या माडीवर ही अमेरिकन बाई भाड्याने आली. माझ्या बायकोने, प्रमोदिनीने, परस्पर हो म्हटलं होतं. मी रडार बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात इंजिनियर. आम्हाला परका माणूस दिसला की कान टवकारायची सवयच. आणि ही म्हणे माणसातल्या चैतन्यावर पुस्तकं लिहिते!

ओहायोत ती शाळेत टायपिंग शिकवायची. नवरा डोळ्यांदेखत गेला, तेव्हा ‘आत्ता इथे होता, तो गेला कुठे?’ या प्रश्नाने तिला धरलं. नोकरी सोडली, दोन पुस्तकं लिहिली, तिसऱ्यासाठी इकडे आली. हे प्रमोदिनीने मला सांगितलं. मला एक अक्षर पटलं नाही.

बाई रोज सकाळी आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसायची आणि मधूनच घड्याळ बघून वहीत टिपायची. घड्याळ कशाला? माझ्या जाण्यायेण्याच्या वेळा, दुसरं काय! शेजारचे मल्लाप्पा म्हणाले, “दामोदरराव, स्वल्प जपून हं.” झालं, माझी खात्रीच पटली.

एका रविवारी ती देवळात गेल्यावर मी माडीवर चढलो. लाज वाटत होती, तरी वही उघडली.

‘दहा चाळीस. प्रमोदिनी लाटणं धरून थांबली. डोळे उघडे. हाक ऐकू गेली नाही. वीस सेकंद. पोळी करपली. नंतर तिला काही आठवत नाही. समाधी!’ अशी तीन महिन्यांची पानं.

समाधी कसली डोंबलाची! माझा मावसभाऊ गुंडो, त्याला फिट यायला लागल्या त्याआधी अस्संच व्हायचं. वही हातात घेऊन मी जिन्याकडे वळलो.

बाई दारात उभी. मी चोरी लपवली नाही, गुंडोचं सगळं सांगितलं. ती मटकन खाली बसली. “मला वाटलं, उत्तर सापडलं,” म्हणाली आणि रडायला लागली.

सोमवारी आम्ही तिघं डॉक्टरांकडे. “कधीपासून? दिवसातून किती वेळा?” त्यांनी मला विचारलं. लग्नाला तीस वर्षं झालेला नवरा मी, वळलो ज्यूडिथबाईकडे. तिने वही पुढे केली. ती वाचून त्यांनी तपासण्या सांगितल्या, गोळ्या सुरू केल्या.

परतताना रिक्षात प्रमोदिनीने हळूच विचारलं, “तुमच्या कधीच लक्षात आलं नाही हो?”

आलं होतं. मला वाटायचं, ही मुद्दाम ओ देत नाही.