वाणाचे बूट

शुभाचा फोन आला की मी आधी विचारते, "किती वाजले गं तिकडे?" लेक अमेरिकेत गेल्यापासूनची सवय. त्या संध्याकाळीही तेच विचारलं. "सकाळचे नऊ," ती म्हणाली, आणि मग एका दमात सांगून टाकलं की मिलिंदराव ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतून उतरताना कोसळले आणि संपलं सगळं… धडधाकट माणूस, पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. मी पुण्याहून ईडन प्रेरीला पोचले तेव्हा दिवसकार्य उरकलं होतं. दार उघडलं आणि लेकीला जवळ घ्यायच्या आधी माझी नजर गेली ती दाराजवळच्या चटईवर. तिथे जावयाचे तपकिरी बूट होते, टाचा भिंतीकडे, नाड्या आत खोचलेल्या. मीच दिलेले. आता महिना होऊन गेला, पण त्या चटईवरून जाताना अजून माझी मान वर होत नाही. लाज वाटते. का, ते सांगते.

मिलिंदराव नागपूरचे. मोकळा गडी. पहिल्या भेटीतच मी पानात तिसऱ्यांदा पुरणपोळी वाढली तर म्हणाले, "काहून जीव घेता बापा गरिबाचा!" आमच्या पुणेरी घरात जावयाने असं बोलायचं म्हणजे… पण मला आवडले ते. कॉम्प्युटरवरची नोकरी, स्वभाव हसरा, शुभाला फुलासारखं ठेवलेलं. एकच गोष्ट माझ्या घशाखाली उतरेना. शेजारच्या कार्ल नावाच्या दातांच्या डॉक्टरने त्यांना शिकारीचा नाद लावला होता. पानगळ सुरू झाली की दोघं उत्तरेकडच्या जंगलात जायचे, रानकोंबडीसारखा एक पक्षी असतो म्हणे तिथे, त्याच्यामागे. मला कळलं तेव्हा मी शुभाला फोनवर फाडफाड बोलले. आपल्याकडे अंडं शिजलं नाही कधी, तुझे वडील जन्मभर संस्कृत शिकवत आले, आणि जावई बंदूक घेऊन फिरतो! लोकांना काय सांगू मी? मिलिंदरावांनी ते सगळं ऐकलं असणार, कारण त्यानंतर त्यांनी त्या पक्ष्याचं एक पीसही घरात आणलं नाही. जे काय खायचं ते कार्लच्या घरी.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात मी इथे आले आणि नेमका अधिक श्रावण लागला. अधिकात जावयाला वाण द्यायचं म्हणजे माझ्यासारखीला पर्वणीच. मी पुण्याहून तांब्याचं ताम्हन आणलं होतं, इथल्या विजेच्या शेगडीवर तेहतीस अनारसे तळले, त्यातले निम्मे हसले, तुपातच विरले. म्हटलं, "मिलिंदराव, अनारसे तर आहेतच, पण वस्तू काय देऊ? मनातलं सांगा." ते आधी नको नको म्हणाले, मग लहान मुलासारखे हळूच म्हणाले, "आई, बूट द्याल? शिकारीचे?" कर्म माझं! पण विचारलं मीच होतं. शिवाय पादत्राणांचं दान मोठं, हे यजमान नेहमी सांगायचे. म्हटलं, चला.

दुकानात जायच्या आधी त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवणीच दिली. तिथली जमीन कशी, तर वरून शेवाळ आणि खाली पाणी. पाऊल टाकलं की पोटरीपर्यंत आत, आणि पुढचं पाऊल निसरड्या दगडावर. म्हणून बूट उंच हवा, पोटरीला धरून बसणारा. खालचा भाग रबराचा हवा. नाड्यांखालची जीभ दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवलेली हवी, नाहीतर पाणी तिथूनच शिरतं. टाच आत उचलली जाता कामा नये. लोकरी मोजे घालून बघायचा, आणि दुपारनंतर बघायचा, कारण तोवर पाय जरा सुजलेले असतात. "पाण्याचे चार थेंब झेलणारा बूट वेगळा आई, आणि पाण्यात उभा राहणारा वेगळा," असं म्हणाले. मी पैठणी निवडताना एवढी चौकशी करत नाही. पण ऐकताना मजा वाटली. त्या माणसाचे डोळे असे चमकत होते की बंदुकीचा मला विसरच पडला.

दुकान भलं मोठं होतं, होड्या आणि तंबू टांगलेले. मिलिंदरावांनी खिशातून आणलेले लोकरीचे मोजे चढवले आणि एक उंच, हिरवट बूट पायात घातला. उठून उभे राहिले, टाचेवर दाब दिला, जिना चढल्यासारखं केलं, आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. हाच. तेवढ्यात विक्रीवाली पोरगी आली आणि हसत विचारू लागली, कशासाठी हवेत बूट? आणि त्याच क्षणी, नातवाचे बूट शोधत, मंदाताई आल्या. इथल्या महाराष्ट्र मंडळात त्यांच्याशिवाय पान हलत नाही. गेल्याच रविवारी त्यांच्याकडे मी भजन म्हणून आले होते. "अगंबाई, तुम्ही इथे?" त्या म्हणाल्या. मिलिंदराव तोंड उघडणार, तोच मी त्या पोरीला ठासून सांगितलं, "वॉकिंग! ओन्ली वॉकिंग!"

मिलिंदरावांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं… मग त्या पोरीला तेही म्हणाले, "हो, वॉकिंग," आणि खाली बसून तो हिरवट बूट काढून ठेवला. पोरीने आनंदाने हे तपकिरी आणले, घोट्याइतके, मऊ. "छान दिसतात हो जावईबापूंना!" मंदाताई म्हणाल्या. मी किंमत दिली, गाडीत बसलो. तेच आधी म्हणाले, "आई, मस्त आहेत. हलके आहेत." आणि मी विश्वास ठेवला, कारण तो ठेवणं सोयीचं होतं. या देशात वापरलेली वस्तूसुद्धा परत घेतात, हे मला शुभाने शंभरदा सांगितलेलं. परत करून या, एवढं म्हणायला मला काय झालं होतं? पुण्याला परतल्यावर मी तर सांगत सुटले, आमचे जावई नेमाने चालायला जातात, मी बूट दिलेत ना!

दर वर्षी पानगळीत त्यांचा फोन यायचा. "आई, तुमचे बूट घालूनच निघालोय हं." मी खूश. या घरात आणखी एक प्रकार होता. ब्रेड संपला की ते रिकामी पिशवी झटकून, घडी घालून एका ड्रॉवरमध्ये ठेवायचे. पुढच्या खेपेला आले तेव्हा मी तो ड्रॉवर पाहिला आणि भारावून गेले. अमेरिकेत राहून माणूस पिशवीसुद्धा टाकत नाही! चार बायकांत कौतुक केलं. मिलिंदराव तेव्हा नुसते हसले होते.

परवा कार्ल भेटायला आला. आमच्या घरची रीत त्याला ठाऊक, दारातच बूट काढून वाकला आणि चटईवरचे ते तपकिरी बूट बघून तसाच थांबला. डोळे भरले आणि हसायलाही लागला. मग सोफ्यावर बसून त्याने सांगितलं, शुभा मला मराठीत सांगत गेली. दलदलीत शिरलं की पाचव्या मिनिटाला मिलिंदच्या बुटांतून पचपच आवाज यायचा. म्हणून तो मोज्यांवर ब्रेडच्या पिशव्या चढवायचा आणि वर हे बूट घालायचा. दुपारी शेकोटीशी बसून पिशव्या बदलायचा, पाय पांढरेफटक पडलेले असायचे. कार्ल दर वर्षी म्हणायचा, अरे, मी घेऊन देतो तुला चांगले. तर मिलिंद सांगायचा, हे माझ्या सासूने दिलेलं वाण आहे, ते बदलायचं नसतं. "मग तिने असले का निवडले, विचारलं मी," कार्ल म्हणाला. "तर म्हणाला, त्या दिवशी दुकानात दुसरे शिल्लक नव्हते."

कार्लला वाटत होतं, या आठवणीने म्हातारीला बरं वाटेल. शुभा माझ्याकडे वळली. "खरंच नव्हते, आई? मला कधी बोलला नाही तो."

मी मान हलवली. हो, नव्हते. पोटच्या पोरीसमोर, तिच्या कपाळाकडे बघत, मी मान हलवली. चार वर्षं ओल्या पायांनी ज्याने माझी लाज झाकली, त्याने तीच सबब माझ्यासाठी तयार ठेवली होती आणि मी मेली ती आयती उचलली. कार्ल गेल्यावर मी चटईशी बसले आणि त्या बुटांची जीभ बोटाने चाचपली. दोन्ही बाजूंनी मोकळी होती. आत हात घालायचा धीर झाला नाही.

काल मंदाताई आल्या. मिलिंदरावांचे कपडे गरजूंना पोचवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलंय. बाई कामाची, वाईट नाही. शर्ट, स्वेटर, कोट खोक्यांत भरून झाले. जाता जाता त्या दारात वाकल्या आणि बूट उचलले. "हे तर त्या दिवशीचे! वॉकिंगचे ना? अजून चांगले आहेत. चालायला होतील कुणाला तरी."

"नको," मी म्हटलं. "ते गळतात."

शुभा खोकं धरून उभी होती, तिने वर पाहिलं. मग माझ्या तोंडून एकदाचं आलं. "आम्ही शिकारीचे घ्यायला गेलो होतो, मंदाताई. माझा जावई शिकारी होता. त्याच्या पायात योग्य बूट होता, दुकानात होता. तुम्हाला बघून मला लाज वाटली आणि मी हे घ्यायला लावले."

शुभाने खोकं खाली ठेवलं, मंदाताईंच्या हातातून बूट घेतले आणि उजव्या बुटात हात घातला. आत काहीतरी चुरचुरलं. ब्रेडची पिशवी होती, तळाशी बसलेली, मिलिंदरावांच्या पावलाच्या आकाराची झालेली. शुभाने ती बाहेर काढली नाही. बूट पुन्हा चटईवर ठेवले, टाचा भिंतीकडे, आणि माझ्याकडे न बघता आत गेली.