इस्त्रीवाल्याचा कुर्ता

राजधानीच्या द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीच्या गेटपाशी एक म्हातारा इस्त्रीवाला असतो. आमचे कपडे अगदी कडक करून देतो, स्वतःचा सुती कुर्ता मात्र कायम चुरगळलेला. इथल्या फ्लॅटचे भाव मला रोज विचारतो आणि गंभीरपणे म्हणतो, "बालकनी बडी चाहिए, बिटिया."

दिवाळीला मी ह्यांचा जवळजवळ नवा सिल्कचा कुर्ता त्याला देऊ केला. त्याने तो हळुवार इस्त्री करून परत माझ्याच हातात ठेवला.

"पैसा तो खूब चाहिए. पर कुर्ता ऐसा हो, कि जमीन पर बैठ सकूँ."

मला जरा रागच आला.

संध्याकाळी सोसायटीच्या लक्ष्मीपूजनाला तो सतरंजीवर ऐसपैस मांडी घालून बसला होता. मी पैठणी सांभाळत खुर्ची शोधत होते. मला पाहून तो हसला आणि सरकून त्याने जागा करून दिली.