साल्मेनं उकरायला लावलेली जत्रा

साल्मे उंटरआइनर स्वभावानं गोड होती असं कुणी तुम्हाला सांगितलं, तर खुशाल समजा की तो माणूस आमच्या एर्लेनब्रुनचा नाही. तिच्या नाकावर कायम राग आणि तोंडात कायम लवंग. लवंग गंधकाच्या वासावर उतारा म्हणून. रागावर उतारा नव्हता. गावात लहानथोर सगळे तिला तांत म्हणायचे, म्हणजे मावशीच, पण मावशीकडे हट्ट करतात तसा हिच्याकडे करायची कुणाची छाती नव्हती.

आमच्या गावचं नाव होतं ते पाण्यामुळे. झऱ्याचं कोमट पाणी, नासक्या अंड्याचा वास, आणि त्यात बसलं की आखडलेला गुडघा सुटतो ही ख्याती. झऱ्याच्या कुंडाच्या तळाला नाक तुटलेल्या बाईची एक कोरीव शिळा होती. पाद्रीबुवा तिला रोमन म्हणायचे, बायका तिला नुसतं 'ती' म्हणायच्या आणि बाळंतपणाआधी हळूच हात लावून यायच्या. स्नानघरात लोकांना न्हाऊ घालायचं काम साल्मेच्या आजीचं, मग आईचं, मग तिचं. ती माणसाला लाकडी टबात बसवायची, वर फळी टाकायची, फक्त मुंडकं बाहेर. ती म्हणेल तेव्हाच उठायचं.

आमचं सीमेवरचं गाव जर्मनीत होतं तेव्हा एक कर्नल अर्ध्यातच उठायला लागला. ही त्याच्या खांद्यावर हात दाबून म्हणाली, "कर्नल तुम्ही फाटकाबाहेर. इथे तुम्ही दोन गुडघे आहात. बसा." तो बसला. मग पहिलं युद्ध संपून आम्ही फ्रान्समध्ये आलो. दारावरची पाटी बदलली, कर्नलच्या जागी पॅरिसचे न्यायाधीश आले, आणि तेही मुकाट बसले. पाटी पुढेही बदलली. तांत म्हणायची, "सरकारं येतात नि जातात, संधिवात इथलाच."

दुसऱ्या युद्धानं मात्र सगळं धुऊन नेलं. एकोणचाळीसच्या सप्टेंबरात फ्रेंच सरकारनं अख्खं गाव आगगाडीच्या गुरांच्या डब्यांत भरून सीमेपासून दूर, लिमूझँला पाठवलं. वर्षानं परत आलो तर सत्तेवर जर्मन बसलेले. त्यांनी आमची पोरं त्यांच्या फौजेत ओढून रशियाला धाडली, आणि त्यातली किती परत आली ते चर्चच्या भिंतीवर वाचा, मला सांगायला लावू नका. शेवटच्या हिवाळ्यात तोफांचे गोळे स्नानघरावर पडले. छप्पर, भिंती, टब सगळं अंगणात कोसळलं आणि झरा त्याखाली गाडला गेला.

नंतर जो तो आपापल्या घरावर कौलं चढवण्यात गुंतला. साल्मे शाळेच्या फरश्या पुसायला लागली. दर रविवारी मिस्सा सुटली की ती त्या ढिगाऱ्यासमोर जाऊन उभी राहायची, हात कमरेवर, जणू तो ढिगारा तिचं देणं लागतो. "रुसलाय झरा," म्हणायची. "बाहेर काढा, बोलेल." लोक मान डोलवायचे आणि घरी जेवायला जायचे.

आमचे पप्पा, अलॉइस रीफ, तेव्हा गावचे सरपंच. माणूस कष्टाळू, पण एकदा डोक्यात काही शिरलं की बाहेर काढायला सांडशी लागायची. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात त्यांच्या डोक्यात वखार शिरली. ढिगारा रोलरनं दाबून सपाट करायचा, वर सिमेंट ओतायचं, तिथे लाकडाची वखार.

"झरा मेला, तांत," पप्पा म्हणाले. "गावानं किती दिवस सुतक पाळायचं?"

"मेला काय? नाडी बघितलीस?"

"थेंबभर पाणी दिसत नाही तिथे."

"तुझ्या डोक्यातली अक्कलसुद्धा दिसत नाही, अलॉइस. तरी आम्ही आहे असं धरून चालतो."

पप्पा हसले नाहीत. गावजत्रेनंतरच्या सोमवारी रोलर येणार, हे त्यांनी त्याच दिवशी जाहीर केलं. त्या संध्याकाळी मी तांतला शाळेच्या पायरीवर पाहिलं. बादली शेजारी, आणि ती नुसती बसलेली. साल्मेला रिकामी बसलेली मी पहिल्यांदाच बघत होते. त्या सिमेंटखाली ती स्वतःच गाडली जाणार होती.

आता जत्रेचं सांगते. आमच्या जत्रेला मेस्टी म्हणतात. ती संपली की गावची तरणी पोरं वाइनची एक बाटली वाजतगाजत जमिनीत पुरतात आणि खोटंखोटं रडतात. पुढल्या वर्षी तीच बाटली उकरून काढायची, मिरवायची, मगच बँड वाजणार. जुनी उकरल्याशिवाय नवी जत्रा नाही. देवाच्या दहा आज्ञा आमच्याकडे एखाद्यानं मोडल्या असतील, ही नाही.

युद्धानंतरची पहिली मेस्टी त्या वर्षी करायची ठरली. मी अठरा वर्षांची होते, पॅराशूटच्या रेशमाचा फ्रॉक शिवून तयार होता, आणि मला नाचायचं होतं. पण 'हरीण' खानावळीत पोरांची बैठक बसली आणि एकेकाचा चेहरा पडला. शेवटची बाटली एकोणचाळीसच्या ऑगस्टात पुरलेली. ज्या दोघांनी पुरली ते रशियातच राहिले. बाकीचे त्या दिवशी इतके प्यायलेले, की कुणी म्हणे मोठ्या लिंडनच्या झाडाखाली, कुणी म्हणे गिरणीमागे, आणि जोसेफ त्सिंक तर म्हणाला की ती आपण त्याच रात्री पिऊन टाकली.

"दुसरी पुरा आणि उकरा," मी म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चर्चमध्ये शिट्टी वाजवली. पोरांचा म्होरक्या मातिस म्हणाला, "फीना, ज्यांनी पुरली ते आता नाहीत. त्यांनी पुरलेलीच काढायची."

तेवढ्यात दारातून आवाज आला. "मला माहितीय कुठे आहे." साल्मे. हातात ओलं फडकं तसंच.

"कुठे, तांत?"

"स्नानघराच्या अंगणात. कुंडाच्या काठाला. खिडकीतून बघितलं मी, गाढवासारखे रडत होते दोघं."

मातिस म्हणाला, "तिथे तर डोंगर आहे ढिगाऱ्याचा."

"मग? हात काय फक्त पेला धरायला दिलेत देवानं?"

दुसऱ्या दिवसापासून गावची सगळी पोरं फावडी, पहारी घेऊन तिथे. घरचं छप्पर शाकारायला ज्यांना वेळ नव्हता, ते बाटलीसाठी घाम गाळत होते. आम्ही पोरी दगडांच्या पाट्या वाहत होतो. तांत वर उभी राहून हुकूम सोडत होती. "तो दगड नको, ती भिंत आहे. डावीकडे. तुझं डावं, जोसेफ, माझं नाही."

पप्पा येऊन बघून गेले. "तांत, खरं सांगा. बाटली तिथेच आहे ना?"

"अलॉइस, मी कधी खोटं बोलले?"

"जन्मभर."

"मग आता सवय झाली असेल तुला," ती म्हणाली आणि पाठ फिरवली.

टबांच्या कड्या निघाल्या, पितळी नळ निघाला, सिंहाच्या तोंडाचा तुटका दगड निघाला. शनिवार दुपार झाली, बाटलीचा पत्ता नाही. पोरं कुरकुरायला लागली. डोंगर पोखरून उंदीरसुद्धा निघेना. इतक्यात खड्ड्याच्या तळातून मातिस ओरडला, "जोसेफ, काल किती कोबी खाल्लास रे?"

"मी नाही. तूच असशील."

"शेजारून वास येतोय, लाज वाटू दे."

दोघांची जुंपणार, तोच साल्मे वरून घसरत, स्कर्ट चिखलात लोळवत, सरळ खड्ड्यात उतरली. गुडघ्यांवर बसली. मातीला नाक लावलं. मग नुसत्या हातांनी खरवडायला लागली. कुणाला काय करावं सुचेना. तिच्या बोटांखाली दगडी बाईचा गाल दिसला, तुटलेलं नाक दिसलं, आणि त्या शिळेच्या कडेनं पाणी वर आलं. आधी करंगळीएवढं, मग मातिसनं पहार घालून एक दगड उचकटला आणि पाणी भसकन त्याच्या बुटांत शिरलं. कोमट. नासक्या अंड्याचं. आमचं.

मी रडले. सगळेच रडले, आणि या खेपेला खोटंखोटं नाही. चर्चची घंटा कुणी वाजवली ते आजवर ठाऊक नाही, पण अर्धं गाव आग लागली समजून बादल्या घेऊन आलं, ते एका अर्थी बरंच झालं.

जोसेफच तेवढा अडून. "पण बाटली?"

"कसली बाटली?" साल्मे म्हणाली.

"तांत, तुम्ही बघितलीत ना पुरताना?"

"मी त्या दिवशी माझ्या बहिणीकडे होते. बाटली कुठे आहे ते मला काय माहीत?"

मग एकच कालवा. पोरांच्या तोंडाला पानं पुसली होती म्हातारीनं. कुणी हसत होतं, कुणी चिडलं होतं, आणि मातिस पांढरा पडला होता. "म्हणजे जत्रा नाही," तो म्हणाला. "त्यांची बाटली नाही, तर जत्रा नाही."

साल्मेचा आवाज कधी नव्हे तो खाली आला. "त्या दोघांना मीच न्हाऊ घातलंय रे याच पाण्यात. वितीएवढे होते तेव्हा. दोघांना खरूज होती." ती चिखलाचे हात स्कर्टला पुसत राहिली.

तेव्हा आमचे पप्पा खड्ड्यात उतरले. ठेवणीतली विजार घातलेली, पायाला संधिवात, तरी उतरले. खानावळीतून आलेली एक रिकामी बाटली त्यांनी झऱ्याखाली धरली, काठोकाठ भरली, बूच मारलं आणि डोक्यावर उंच धरून सरपंचाच्या आवाजात म्हणाले, "आमच्या पोरांनी इथे मेस्टी पुरली होती. आज ती उकरली. कुणाची हरकत?"

हरकत घेणारा एकटा जोसेफ, आणि त्याच्या आईनं त्याचा कान धरला होता.

"आणि रोलर?" साल्मेनं विचारलं.

"कुठला रोलर?" पप्पा म्हणाले.

रविवारी बँडच्या पुढे ती बाटली मिरवली. प्रत्येक पोरानं एकेक घोट घेतला, तोंडं वाकडी केली, आणि चर्चच्या भिंतीपाशी जाऊन उरलेलं पाणी त्या नावांखाली ओतलं. मग नाच सुरू झाला. माझा फ्रॉक सळसळत होता आणि मातिसचा पत्ता नव्हता. शोधत शोधत मी अंगणात गेले.

तो कुंडाच्या काठावर बसला होता, दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात. रशियाच्या कैदेत त्याची बोटं गोठली होती आणि आठवडाभर फावडं मारून त्यांची मूठसुद्धा वळेना. शेजारी साल्मे, बाह्या सरसावून, तोंडात लवंग.

"मातिस, चल ना, वॉल्ट्झ लागलाय," मी म्हणाले. तो उठायला लागला.

तिनं त्याचा खांदा दाबून खाली बसवला. "कुठे निघालास? मी उठ म्हटलं?"

"पण तांत, फीना—"

"फीना थांबेल. बस गुपचूप."

तो बसला. मीही थांबले.