लसूणघासाची सोयरीक

मी शेतीची पदवीधर, आणि सासरी ही गोष्ट दिवसातून दोनदा तरी कुणाच्या कानावर घालायचेच. सासूबाई निरक्षर. त्यांनी भाताच्या रानात म्हशींसाठी पहिल्यांदाच लसूणघास करायचं काढलं, तेव्हा मी लगेच व्याख्यान दिलं. या घासाच्या मुळांत हवेतलं नत्र धरून देणारे जिवाणू लागतात, पण कुठलेही चालत नाहीत, पिकाशी पत्रिका जुळावी लागते.

त्या म्हणाल्या, "मग अर्धं रान तुझं, अर्धं माझं. तुझं हिरवं झालं तर सगळी वैरण तुझ्या ताब्यात. न्हाय झालं तर काटवटीपाशी बसून भाकऱ्या थापायच्या."

मला भाकरी थापता येत नव्हती. हरणं परवडणारं नव्हतं.

मी दुकानातून जिवाणूंचं पाकीट आणलं, गुळाच्या गार पाण्यात कालवून बियाण्याला चोळलं, सावलीत वाळवलं. सासूबाई कोडोलीला माहेरी गेल्या आणि येताना भावाच्या जुन्या लसूणघासातली बुट्टीभर माती एस.टी.तून घेऊन आल्या. कंडक्टर म्हणाला म्हणे, "मावशी, माहेरास्नं बायका साडी आणत्यात, माती न्हाय." ती त्यांनी पेरणीआधी आपल्या अर्ध्यात विस्कटली. मी तोंडाला पदर लावून हसले.

दीड महिन्यात त्यांचं अर्धं गर्द हिरवं आणि माझं पिवळंफटक. मी पाण्याला दोष दिला, थंडीला दिला, म्हशींनाही सोडलं नाही. शेवटी रोपं उपटून पाहिली. त्यांच्या मुळांना गाठी होत्या, फोडल्या तर आत गुलाबी, म्हणजे माहेरच्या मातीतले जिवाणू कामाला लागलेले. माझी मुळं कोरी. धावत जाऊन गोठ्याच्या वळचणीला खोचलेलं रिकामं पाकीट काढलं. वर ठळक अक्षरांत छापलं होतं: सोयाबीन.

त्यांना वाचता येत नव्हतं. पाकीट चुलीत घातलं असतं तर कुणाला कळलं नसतं, आणि दोन दिवस मी तोच विचार करत होते. त्याचीच जास्त लाज वाटली. तिसऱ्या दिवशी सांगून टाकलं.

त्या डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. "एवढं शिकलीस, आन् पाकीट तेवढं वाचायचं ऱ्हायलं व्हय!" मग हळूच म्हणाल्या, "पाकिटावर कंचा शब्द बघायचा, त्यो मला शिकीव की."

पैजेप्रमाणे मी काटवटीपाशी बसलेच होते. तिच्यातच पीठ पसरून बोटानं 'लसूणघास' लिहिलं.

माझ्या भाकऱ्या अजून वाकड्याच होतात. दुकानातलं पाकीट मात्र सासूबाई आधी स्वतःच्या हातात घेतात, एकेक अक्षर लावतात, आणि मगच माझ्याकडे देतात.